पोर्तुगालची 'लिगा ३', हंगाम २०२२–२३ : तिकीट काढून पाहणाऱ्याच्या बाजूने परीक्षण

पोर्तुगीज फुटबॉल म्हटले की बेनफिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग ही तीन नावे समोर येतात आणि बहुतेकांचे कुतूहल तिथेच थांबते. लिस्बनमध्ये राहून मला असे दिसले की, इथली वर्तमानपत्रेही आपली पहिली पाने याच तिघांना देतात आणि चौकातल्या कॅफेमधला वादही याच तिघांभोवती फिरतो. त्यामुळे तिसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेला एक प्रेक्षक म्हणून आपण वेळ आणि पैसा द्यावा का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. 'लिगा ३'चा २०२२–२३ चा हंगाम पाहिल्यावर माझे उत्तर होकारार्थी आहे. त्या वर्षी पोर्तुगालमध्ये फुटबॉलवर खर्च करण्यासाठी याहून चांगली जागा नव्हती, असे मी जबाबदारीने म्हणतो. स्पर्धेच्या रचनेत मात्र एक गंभीर दोष होता आणि त्याची चर्चा पुढे केली आहे.

आधी स्पर्धेची ओळख. पोर्तुगालमधल्या पहिल्या दोन श्रेणी व्यावसायिक क्लबांची संघटना चालवते; तिसरी श्रेणी पोर्तुगीज फुटबॉल महासंघाच्या हाती आहे. २०२०–२१ पर्यंत या तिसऱ्या पायरीवर 'कॅम्पिओनातो दे पोर्तुगाल' ही अवाढव्य स्पर्धा होती आणि तिच्या शेवटच्या वर्षी बारा-बारांच्या आठ गटांत तब्बल ९६ संघ खेळले. त्यांतून फक्त दोघांना वर जायचे होते, म्हणजे गट जिंकूनही बहुतेकांच्या हाती काही लागत नसे. महासंघाने २०२१–२२ पासून या स्पर्धेच्या वर 'लिगा ३' उभी केली: २४ संघ, उत्तर आणि दक्षिण असे दोन गट, प्रत्येक गटात बारा संघ आणि प्रत्येक संघाला २२ सामने. पहिले विजेतेपद तोरिस व्हेद्रासच्या तोरेएन्स या संघाने मिळवले. १९५६ साली पोर्तुगाल चषकाच्या अंतिम सामन्यात पोर्तोकडून हरलेला हा जुना क्लब नव्या स्पर्धेच्या जोरावर दुसऱ्या श्रेणीत परतला आणि त्यामुळे या प्रयोगाला पहिल्याच वर्षी प्रतिष्ठा मिळाली.

दुसऱ्या हंगामाला खरे वजन आले ते दक्षिण गटामुळे. एरवी तिसऱ्या श्रेणीत एखाद-दुसरा इतिहास असलेला क्लब सापडतो; इथे मात्र बेलेनेन्सेस, लैरिया, कोइंब्राची अकादेमिका आणि सेतुबालचा व्हितोरिया असे चार एका गटात आले होते. योगायोग असा की प्रसिद्ध फुटबॉल प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांच्या आयुष्याचा पहिला भाग जवळजवळ पूर्णपणे याच गटात सामावतो: सेतुबाल हे त्यांचे जन्मगाव, त्यांचे वडील फेलिक्स हे व्हितोरिया आणि बेलेनेन्सेस या दोन्ही क्लबांचे गोलरक्षक, आणि लैरिया हा तो क्लब जिथून जानेवारी २००२ मध्ये मोरिन्यो पोर्तोला गेले. एके काळी पहिल्या श्रेणीत एकमेकांना भिडणारे हे क्लब आता वीस वर्षांनी तिसऱ्या श्रेणीत भेटत होते, ही वस्तुस्थिती प्रत्येक सामन्याच्या मागे उभी होती आणि प्रेक्षागारातल्या वयस्कर माणसांच्या बोलण्यात ती सतत ऐकू येत होती.

यांतल्या बेलेनेन्सेसची हकीकत सविस्तर सांगितल्याशिवाय हा हंगाम कळत नाही. पोर्तुगालचे लीग विजेतेपद आजवर केवळ पाच क्लबांनी जिंकले आहे. तीन मोठे क्लब सोडले तर १९४६ साली बेलेनेन्सेसने आणि २००१ साली बोआव्हिश्ताने. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने २०१२ मध्ये आपल्या व्यावसायिक संघाची कंपनी चालवण्यासाठी बाहेरचा गुंतवणूकदार आणला. पुढे दोघांत बेबनाव झाला आणि २०१८ मध्ये क्लब आणि कंपनी यांची फारकत झाली. कंपनीचा संघ पहिल्या श्रेणीतील जागा घेऊन जामोरच्या राष्ट्रीय स्टेडियमवर गेला. न्यायालयीन लढाईनंतर क्लबचे नाव आणि चिन्ह त्याला सोडावे लागले आणि तो 'बी-साद' म्हणून ओळखला जाऊ लागला. मूळ क्लबच्या हाती रेश्तेलोचे मैदान, निळा रंग आणि सभासद एवढेच उरले. त्याने लिस्बन जिल्ह्याच्या तळाच्या स्पर्धेत, म्हणजे सहाव्या श्रेणीत, पुन्हा नाव नोंदवले आणि तिथून एकही वर्ष न गमावता एकेक पायरी चढत तो २०२२ मध्ये लिगा ३ पर्यंत आला. क्लब म्हणजे कागदोपत्री असलेली कंपनी की दर रविवारी येणारी माणसे, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालेले नाही.

रेश्तेलोवर सामना पाहणे हा या हंगामातला सर्वोत्तम अनुभव होता. मैदान १९५६ मधले आहे आणि वास्को द गामाची समाधी ज्या जेरोनिमुश मठात आहे, तिथून चढ चढत पायी जाण्याइतके ते जवळ आहे. क्लबच्या चिन्हावरचा 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या जुन्या धार्मिक-लष्करी पंथाचा तांबडा क्रूस हा गामाच्या जहाजांच्या शिडांवर होता तोच, त्यामुळे गोव्यातून आलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. प्रेक्षागाराच्या वरच्या रांगांतून तेजो नदीचे रुंद पात्र दिसते आणि हिवाळ्यातल्या दुपारी ऊन नदीकडून तिरपे येत असल्यामुळे डोळ्यांवर हात धरून खेळ पाहावा लागतो. आसने जुनी, काही ठिकाणी रंग उडालेली, आणि पावसापासून संरक्षण फक्त मुख्य भागात. पण माणसे अशी की शेजारी बसलेले आजोबा अनोळखी माणसालाही कोणता बचावपटू डावखुरा आहे आणि कोण दुखापतीतून नुकताच उठला आहे, हे न विचारता सांगतात. दाराबाहेरच्या गाडीवर बिफाना मिळतो, म्हणजे लसूण आणि वाइनमध्ये मुरवलेले डुकराच्या मांसाचे पातळ काप घातलेला पाव. म्हापशाच्या बाजारातला चोरीस-पाव खाऊन वाढलेल्या माणसाला त्याची गोडी समजावून सांगावी लागणार नाही. सोबत मिठाच्या पाण्यातले त्रेमोसोचे पिवळे दाणे, ज्यांची साले पायांशी टाकत टाकत लोक पहिला अर्धा तास घालवतात.

लैरियाचा अनुभव अगदी वेगळा आहे. तिथले डॉ. मागाल्यांईश पेसोआ स्टेडियम २००४ च्या युरो स्पर्धेसाठी नव्याने बांधले गेले. सुमारे २४,००० आसने, वर टेकडीवर मध्ययुगीन किल्ला. युरोनंतर त्या मोठ्या रिकाम्या स्टेडियमचे ओझे शहराने वर्षानुवर्षे वाहिले. क्लबची अवस्था त्याहून वाईट होती. २९ एप्रिल २०१२ रोजी वेतन थकल्यामुळे खेळाडूंनी करार मोडले आणि युनियांव दे लैरिया पहिल्या श्रेणीच्या सामन्यात फेरेन्सविरुद्ध केवळ आठ खेळाडू घेऊन उतरला व ०–४ ने हरला. त्यानंतर पहिल्या दोन श्रेणींच्या बाहेर अकरा वर्षे गेली. २०२२–२३ मध्ये प्रशिक्षक व्हास्को बोतेल्यो दा कोस्ता यांच्या हाताखाली हा संघ गटातला सर्वांत शिस्तबद्ध संघ होता: चेंडू हातचा गेल्यावर पहिल्या काही क्षणांत तीन-चार खेळाडू मिळून तो परत मिळवण्याचा प्रयत्न आणि त्यात यश आले नाही तर लगेच मागे सरून रांगा जुळवणे, हे त्यांनी प्रत्येक सामन्यात तितक्याच निष्ठेने केले. शहरानेही त्याला साथ दिली. वसंतातल्या बढतीच्या सामन्यांना हजारोंनी माणसे आली, आणि पहिल्या श्रेणीतल्या कितीतरी क्लबांना वर्षभरात दिसत नाही अशी गर्दी तिसऱ्या श्रेणीच्या सामन्याला पाहणे ही या हंगामाची मोठी देणगी होती. सोय म्हणूनही हे स्टेडियम उजवे आहे. छत, स्वच्छतागृहे, दिशादर्शक पाट्या सगळे जागच्या जागी. मैदानाभोवती धावपट्टी असल्याने खेळ थोडा लांब पडतो, एवढीच उणीव.

बाकी क्लबांकडे थोडक्यात वळतो. अकादेमिका ही १८८७ पासूनच्या विद्यार्थी संस्थेची शाखा. १९३९ चा पहिला पोर्तुगाल चषक तिचा, २०१२ चाही तिचाच. दुसऱ्या श्रेणीतून घसरून ती या हंगामात प्रथमच इथे आली आणि वर जाण्याऐवजी तळापासून वाचण्यासाठीच झगडत राहिली. सेतुबालच्या व्हितोरियाचे दुःख त्याहून खोल. तीन वेळा पोर्तुगाल चषक जिंकलेल्या या क्लबला २०२० मध्ये आर्थिक निकष न पाळल्याबद्दल पहिल्या श्रेणीतून थेट तिसऱ्यात ढकलले गेले होते आणि या हंगामाच्या शेवटी तो आणखी खाली, चौथ्या श्रेणीत गेला. बोनफिम मैदानावरचे गाणे अखेरपर्यंत थांबले नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे. अझोरेस बेटांवरच्या तेर्सेरा इथला फोंतिन्यास हाही याच गटात होता. एका छोट्या क्लबने प्रत्येक परक्या सामन्यासाठी अटलांटिक ओलांडून विमानाने मुख्य भूमीवर यायचे, ही गोष्ट वेळापत्रकात एका ओळीत मावते, पण त्या क्लबचा खर्च आणि दमणूक त्या ओळीत दिसत नाही. उत्तरेकडे बूट बनवणाऱ्या कारखान्यांचे फेल्गेरास, डोंगराळ आणि बोचऱ्या थंडीचे मोंतालेग्रे, मच्छीमारांच्या पोव्होआचा वार्झिम असे जमिनीला धरून असलेले क्लब होते; तिथला खेळ अधिक अंगावर येणारा आणि मैदाने अधिक चिखलाची.

खेळाचा दर्जा कसा होता, असे विचारणाऱ्याला मी ऑक्टोबर २०२२ मधल्या एका शनिवार-रविवारकडे बोट दाखवीन. ११ तारखेला बेनफिकाने पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात पीएसजीला १–१ असे रोखले होते. चारच दिवसांनी पोर्तुगाल चषकात त्यांची गाठ लिगा ३ मधल्या काल्दासशी पडली. काल्दास दा राइन्या हे चिनी मातीच्या भांड्यांचे आणि गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आणि तिथला हा क्लब २०१८ मध्ये तिसऱ्या श्रेणीत असताना, नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्या खेळाडूंच्या बळावर या चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता. हा सामनाही १–१ असा सुटला आणि बेनफिकाला पेनल्टींवर ५–३ असे निसटावे लागले. हाच बेनफिका त्या वर्षी देशाचा विजेता झाला. दुसऱ्या दिवशी वार्झिमने स्पोर्टिंगला १–० ने हरवून स्पर्धेबाहेर काढले. दोन निकालांवरून दोन श्रेणींमधले अंतर पुसले गेले असे कोणी म्हणू नये, परंतु लिगा ३ मधले चांगले संघ नीट आखलेल्या बचावाने आणि सामना संपेपर्यंत टिकणाऱ्या दमाने कोणाहीसमोर उभे राहू शकतात, एवढे त्या दोन दिवसांत सिद्ध झाले. नियमित सामन्यांत कमतरता जाणवते ती गोलसमोर. उजव्या बाजूने सुरेख हल्ला बांधला जातो, चेंडू मोक्याच्या जागी येतो आणि शेवटचा फटका उंच जातो. ज्याला गोलांचा पाऊस हवा आहे, त्याने इकडे येऊ नये.

मोठ्या क्लबांचे राखीव संघ या श्रेणीत खेळतात, ही व्यवस्था मला पटत नाही. या हंगामात स्पोर्टिंग आणि ब्रागा यांचे 'ब' संघ इथे होते. भारतीय वाचकांना स्पोर्टिंग 'ब' हे नाव ओळखीचे असेल, कारण २०१२ मध्ये सुनील छेत्री याच संघात दाखल झाला होता, अर्थात तेव्हा तो संघ दुसऱ्या श्रेणीत होता. तरुण खेळाडूंना मोठ्या माणसांविरुद्ध खेळायला मिळावे, हा हेतू योग्य आहे आणि त्यांचे तंत्र पाहायला आनंदही होतो. पण स्पोर्टिंगच्या अल्कोशेते इथल्या अकादमीतल्या सामन्याला स्वतःचे गाव नसते आणि स्वतःचा राग-लोभ नसतो. सेतुबालचे हजार समर्थक जिथे श्रेणी टिकवण्यासाठी घसा फोडत असतात, तिथे समोरच्या संघाला निकालापेक्षा खेळाडूंच्या वाढीची काळजी असावी, हे स्पर्धेला उणेपणा आणणारे आहे.

मैदानावर जाता येत नाही त्यांच्यासाठी महासंघाची स्वतःची वाहिनी आहे, 'कनाल ११'. ती ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली आणि महिला फुटबॉल, फुटसाल, युवा संघ व खालच्या श्रेणी हाच तिचा मुख्य आधार आहे. ही सेवा मला फार मोलाची वाटते. समालोचक या क्लबांकडे दयेने पाहत नाहीत. खेळाडू कुठून आला, प्रशिक्षकाने मागच्या आठवड्यात कोणता बदल केला, हे त्यांना ठाऊक असते आणि ते शांत आवाजात सांगतात. कॅमेऱ्यांची संख्या मोठ्या सामन्यांपेक्षा कमी असल्याने ऑफसाइडचे वाद घरी बसून सुटत नाहीत, तरीही एकूण चित्र नीट समजते. तिकिटांची सोय मात्र क्लबागणिक बदलते. एका मैदानावर मी ऑनलाइन घेतलेले तिकीट दारावरच्या यंत्राने वाचलेच नाही आणि खिडकीवर रोख रक्कम देऊन दुसरे घ्यावे लागले. पहिल्या तिकिटाचे पैसे परत मिळाले नाहीत. महासंघाने सर्व क्लबांसाठी तिकीट विक्रीची एक समान पद्धत आणली असती, तर लहान क्लबांवरचा भार कमी झाला असता आणि परगावचा प्रेक्षक निश्चिंतपणे आला असता.

आता सुरुवातीला म्हटलेला दोष. बावीस सामन्यांच्या पहिल्या टप्प्यानंतर प्रत्येक गटातले पहिले चार संघ पुढे जात आणि या आठांचे चार-चारांचे दोन गट होत. प्रत्येकाला सहा सामने, गटातला पहिला थेट दुसऱ्या श्रेणीत. ऑगस्टपासून अर्ध्याहून अधिक हंगाम घाम गाळून मिळवलेले स्थान आणि मग सहा सामन्यांत फैसला. एक लाल कार्ड, एक दुखापत, पावसाने खराब झालेले एक मैदान आणि वर्षभराचे काम वाया. थरार म्हणून हे प्रेक्षकाला आवडते, मलाही त्या आठवड्यांत दुसरे काही सुचत नव्हते. परंतु लीग या प्रकाराची शान सातत्याची परीक्षा घेण्यात आहे, आणि ती परीक्षा इथे मध्येच थांबवली जात होती. शिवाय चौथे स्थान जवळपास निश्चित झालेल्या संघांचे फेब्रुवारीतले सामने ढिले पडत, हे प्रेक्षागारातून स्पष्ट दिसे.

त्या वर्षी निकाल न्यायाला धरून लागला, ही समाधानाची गोष्ट. लैरिया आणि बेलेनेन्सेस दोघेही वर गेले; बेलेनेन्सेसची ही सलग पाचवी बढती. विजेतेपदाचा सामना या दोघांत जामोरच्या राष्ट्रीय स्टेडियमवर झाला आणि तो लैरियाने जिंकला. याच मैदानावर २००३ च्या पोर्तुगाल चषकाच्या अंतिम सामन्यात लैरिया मोरिन्योंच्या पोर्तोकडून १–० ने हरला होता आणि तो गोल लैरियाचाच माजी खेळाडू देर्लेइ याने केला होता. बेलेनेन्सेसच्या लोकांसाठी जामोर म्हणजे त्यांच्यापासून तोडलेला संघ जिथे गेला ती जागा. तिथे ते निळे झेंडे घेऊन आपल्या स्वतःच्या संघासाठी आले. १९४४ मध्ये खुले झालेले हे स्टेडियम झाडीत वसलेले आहे. सामन्याआधी झाडांखाली चटया अंथरून, कोळशावर मांस भाजत बसलेली कुटुंबे ही इथली जुनी रीत. तिथे जाताना टोपी आणि पाणी अवश्य न्यावे, कारण छत नाही. दरम्यान 'बी-साद' दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी येऊन पोहोचला होता आणि श्रेणी टिकवण्याच्या लढतीत लिगा ३ मधल्या लँक विलावेर्देन्सने त्याला हरवून त्याची जागा घेतली. मूळ क्लब दुसऱ्या श्रेणीत शिरला त्याच हंगामात त्याच्यातून फुटलेला संघ तिथून बाहेर पडला.

महासंघाने पुढच्याच वर्षापासून, म्हणजे २०२३–२४ मध्ये, रचना बदलली. संघ चोवीसवरून वीस झाले, प्रत्येक गटात दहा, आणि बढतीसाठी आठ संघांचा एकच गट, प्रत्येकाला १४ सामने. सहाच्या जागी चौदा सामने म्हणजे नशिबाचा वाटा बराच कमी, आणि उत्तरेच्या व दक्षिणेच्या चांगल्या संघांना एकमेकांविरुद्ध दोनदा खेळावे लागत असल्यामुळे परस्पर तुलनाही खरी. पहिल्या टप्प्यातल्या स्थानाला अधिक किंमत मिळायला हवी, हे माझे मत कायम आहे. २०२२–२३ मध्ये वर गेलेल्या तिघांपैकी बेलेनेन्सेस आणि विलावेर्देन्स एका वर्षात परत खाली आले, लैरिया टिकला. ज्यांना ही श्रेणी पाहायची आहे, त्यांनी पहिला सामना रेश्तेलोवर दुपारचा निवडावा, मुख्य प्रेक्षागारात वरच्या रांगेत बसावे आणि बढतीचे सामने सुरू झाल्यावर लैरियासारख्या गावात, जिथे क्लब हा शहराचा विषय असतो, तिथे आगगाडीने किंवा बसने अवश्य जावे.